नोर्जमाची उशिराची कातरणी

आमच्या तालुक्यात मेंढ्यांची दुसरी कातरणी ऑगस्टच्या शेवटच्या दहा दिवसांत होते. हा नियम कोणत्याही कागदावर लिहिलेला नाही. लिहिण्याची गरज कधी कोणाला भासली नाही. जूनमध्ये लांब लोकर निघते, ती विकायची. ऑगस्टमध्ये निघते ती आखूड आणि मऊ. नमदा, म्हणजे लोकर दाबून केलेले जाड आच्छादन, तिचाच नीट धरतो. त्यानंतर मेंढीला कडाक्याच्या थंडीपूर्वी सत्तर-पंचाहत्तर दिवस मिळतात आणि तेवढ्यात तिच्या अंगावर अंगठ्याच्या पेराएवढी लोकर पुन्हा येते.

आमच्या बारा प्राण्यांच्या पंचांगातल्या माकडाच्या वर्षी नोर्जमाने ही कातरणी सप्टेंबरच्या सव्वीस तारखेला केली. तारीख माझ्या नोंदवहीत आहे. मी त्या वेळी तालुक्याचा पशुवैद्य होतो आणि ते माझ्या नोकरीचे शेवटचे वर्ष होते.

नोर्जमा तेव्हा एकसष्ट वर्षांची होती. ती याच खोऱ्यात जन्मली, आठवीपर्यंत शिकली आणि सहकारी कळपांच्या काळात अकरा वर्षे नमद्याच्या कारखान्यात होती. तिचे दोन्ही तळवे त्यामुळे कायमचे गुळगुळीत झाले होते. हस्तरेषा पाहणाऱ्या एका लामाने तिचा हात पाहून निमूटपणे परत केला होता, असे ती सांगे. नवरा बाझर त्याच्या सहा वर्षे आधीच गेला होता. घोड्याचा पाय मार्मोटच्या बिळात अडकला आणि बाझर मानेवर पडला. थोरले दोन मुलगे राजधानीत राहतात. एक बस चालवतो, दुसरा इमारतींत फरशा बसवतो. कळपाजवळ उरला तो धाकटा, तुमेन. आमच्याकडे बापाची चूल धाकट्याकडे जाते, तेव्हा हे रीतीप्रमाणेच झाले.

त्या शरद ऋतूत तुमेनचे लग्न ठरले. मुलगी शेजारच्या तालुक्यातली, नाव उरान. नव्या जोडप्याचा गेर, म्हणजे नमद्यांनी झाकलेला गोल तंबू, मुलाकडच्यांनी उभारायचा असतो. जाळीच्या भिंती आणि वासे तयार होते. राहिले होते ते वरचे आच्छादन. थोरल्या दोघांच्या लग्नात गेरची वेळच आली नव्हती, कारण ते सिमेंटच्या खोल्यांत राहायला गेले. त्यामुळे नोर्जमाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांसाठी नमदे केले, पण स्वतःच्या मुलाच्या घरासाठी एकही नाही.

ऑगस्टच्या शेवटी सतत पाऊस पडला. ओल्या लोकरीला कात्री लावत नाहीत. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा गवत कापण्यात गेला. तोवर लामाने पोथी उघडून पंधरा ऑक्टोबर हा दिवस काढून दिला होता.

तुमेन म्हणाला, "आई, मी जिल्ह्याच्या गावातून तयार नमदा आणतो. मशीनवरचा असतो, सरळ कापलेला. एका दिवसाचं काम."

"आण की. आणि बायकोही तयार मिळते का बघ, मशीनवरची."

"तसं नाही गं—"

"धाकट्याच्या डोक्यावर बापाच्या कळपाची लोकर असते. तुझ्या बापाने काय ठेवलंय दुसरं?"

मी त्या दिवशी तिथे होतो. तिने मला विचारले. मी सांगितले की पंधरा सप्टेंबरनंतर मी कोणालाही कातरणीचा सल्ला देत नाही. परंतु हवा उबदार होती, आणि मागची तीन वर्षे पहिली खरी थंडी डिसेंबरपर्यंत लांबली होती, हेही मी बोललो. दुसरे वाक्य बोलायला नको होते. तिने तेवढेच ऐकले.

दोनशे आठ मेंढ्या कातरल्या. लोकर गाईच्या चामड्यावर टाकून काठ्यांनी पिंजली, जुन्या नमद्यावर थरांनी पसरली, पाणी शिंपडले, वर घोडीचे आंबवलेले दूध शिंपडले, आणि सगळे दांड्याभोवती गुंडाळून कातड्यात बांधले. खालच्या जुन्या नमद्याला आम्ही आई म्हणतो आणि त्याच्यावर जो तयार होतो त्याला लेक. ती गुंडाळी माळावर ओढायला शेजारी झुन्दुई आपला उंट घेऊन आला. झुन्दुई बाझरचा लहानपणचा मित्र, तोंडाने फटकळ.

"वहिनी," तो म्हणाला, "थंडीची अक्कल माझ्या उंटाला जास्त आहे. बघा, अंगावर केवढी लोकर राखलीय त्याने."

"तुझ्या उंटाचं लग्न आहे का?"

"त्याला कोण देतंय! त्याचे ओठ माझ्यावर गेलेत."

"मग ओढू दे त्याला. गप बस."

उंटाने प्रत्येक गुंडाळी चाळीस फेऱ्या ओढली. नमदे पांढरे आणि दाट उतरले. नोर्जमा प्रत्येकाच्या कडेला बोट दाबून पाही आणि पुढच्याकडे वळे. तिचे समाधान मी असेच ओळखत असे.

पंधरा ऑक्टोबरला लग्न झाले. नवा गेर तिच्या गेरच्या पूर्वेला तीस पावलांवर उभा राहिला. नोर्जमाने आपल्या चुलीतले निखारे लोखंडी पळीत घेतले आणि सुनेच्या चुलीत नेऊन ठेवले. उरानने त्यांवर पहिला चहा केला, पहिली पळी आकाशाला उडवली, दुसरी चुलीला दिली आणि तिसरा वाडगा सासूला. त्या क्षणापासून ते घर सुनेचे झाले. तिथली साधी दोरीसुद्धा तिला विचारल्याखेरीज कोणी सोडत नाही. आणि पहिला हिवाळा सरण्यापूर्वी नव्या चुलीवरचे आच्छादन काढणे हे तर अशुभच.

आठ नोव्हेंबरला मी खरजेची पाहणी करण्यासाठी त्यांच्याकडे गेलो. एडके नुकतेच कळपात सोडले होते. दुपारपर्यंत हवा इतकी मऊ होती की तुमेन टोपीशिवाय हिंडत होता. तीन वाजता वारा एकदम थांबला आणि पाऊस सुरू झाला. नोव्हेंबरातला पाऊस मी माझ्या आयुष्यात त्याआधी दोनदाच पाहिला होता. नोर्जमा दारात उभी राहून पाहत होती. हात तिने बाहेर काढला नाही.

"डॉक्टर, हा कुठवर जाईल?"

"अंधार पडेपर्यंत, ताई. मग उत्तरेचा वारा येईल."

"भिजल्यात सगळ्या."

"हो."

ती आत गेली आणि चुलीत शेण घालून परत आली.

वारा सहा वाजता आला. प्रथम पाऊस पडता पडता गोठू लागला, मग बर्फ आला आणि त्यानंतर वारा आणि बर्फ असा भेदच उरला नाही. रेडिओवर बाई सांगत होती की पश्चिमेच्या डोंगरांपासून पूर्वेच्या सीमेपर्यंत सगळे रस्ते बंद आहेत, गाडी सोडून कोणी पायी निघू नये. ती तेच वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होती. देशभर एकाच वेळी एकच हवा असणे आमच्याकडे क्वचित घडते.

वादळात मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून चालत सुटतात आणि थांबत नाहीत. तुमेनने मेंढ्यांच्या वाडग्याचे फाटक तारेने बांधले होते, म्हणून कळप जागेवर राहिला. परंतु जागेवर राहून त्यांचे भले झाले असे म्हणता येत नाही. सकाळी आम्ही वाडग्यात गेलो तेव्हा उणे एकतीस अंश होते. अंगावर पेराएवढी लोकर असती तर पाणी वरच्यावर राहिले असते. तेवढी नव्हती. पाणी कातडीपर्यंत गेले होते आणि तिथे गोठले होते. प्रत्येक मेंढीच्या पाठीवर बर्फाचे कवच होते. त्या हलल्या की कवचांवर कवचे घासत आणि काचेच्या बाटल्या एकत्र ठेवल्यासारखा आवाज होई. बाकी आवाज नव्हता. मेंढ्या ओरडत नव्हत्या.

छत्तीस मेल्या होत्या. काही उभ्यानेच.

बाहेर माळावर गवतावर बोटभर जाड बर्फ चढला होता, सपाट आणि चकचकीत. गवत खाली दिसत होते. जनावरांना ते खाता येत नव्हते. अशा हिवाळ्याला आम्ही लोखंडी झुड म्हणतो. नऊ नवकांची मोजणी, म्हणजे थंडीचे खरे एक्याऐंशी दिवस, सुरू व्हायला अजून सहा आठवडे होते.

नोर्जमाने मेलेल्या मेंढ्या ओढायला सुरुवात केली. वाडग्याच्या वायव्येची भिंत कमी उंचीची होती. तिथे तिने त्या एकावर एक रचल्या, डोकी आतल्या बाजूला, पाय बाहेर, विटा रचतात तशा सांधे चुकवून. जिवंत जनावरांना आडोसा हवा होता आणि दुसरे काही हाताशी नव्हते. मी आणि तुमेन तिला मदत करू लागलो. एका मेंढीला ओढताना तिचा कान तुटून नोर्जमाच्या हातात आला. तिने तो पाहिला, खिशात ठेवला आणि काम चालू ठेवले. तो तिने खिशात का ठेवला, हे मी तिला कधी विचारले नाही.

दहाच्या सुमारास झुन्दुई वाऱ्यातून चालत आला. त्याच्या मिशांना बर्फाचे गोळे होते.

"वहिनी, माझी अकरा गेली. तुमची?"

"छत्तीस."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि जवळच्या मेलेल्या मेंढीचे मागचे पाय धरून ती भिंतीकडे ओढली.

मी सांगितले की पाठीवरचे कवच फोडून आतली ओल पुसली आणि वर काही बांधले, तर ज्यांच्या अंगात ऊब शिल्लक आहे त्या वाचू शकतील. गाईवासरांना आम्ही अशी पांघरुणे बांधतोच. पण दीडशेहून अधिक मेंढ्यांना पुरेल इतके पांघरूण कोणाकडे असते? रिकामी पोती होती नऊ. जुनी घोंगडी होती तीन.

नोर्जमा उठली, कात्री घेतली आणि स्वतःच्या गेरची बाहेरची दोरी सोडू लागली. तिच्या गेरचा नमदा चोवीस वर्षांचा होता, धुराने काळा आणि ठिकठिकाणी ठिगळे लावलेला. पहिला पट्टा खाली आला. कात्री लावताच तो पावासारखा चुरला. तिने दुसरीकडून कापून पाहिले. तिथेही तुकडे पडले. ती गुडघ्यांवर बसून ते तुकडे एकत्र लावत राहिली, जणू पुरेसा वेळ दिला तर ते जुळतील.

तीस पावलांवर पांढरा गेर उभा होता. तिने त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही. त्यावरचे आच्छादन मागण्याचा अधिकार तिला नव्हता, आणि तो नाही हे तिच्याइतके पक्के कोणालाच माहीत नव्हते. हा संपूर्ण खटाटोप तिने रीत पाळण्यासाठीच केला होता.

उरान दारातून हे सगळे पाहत होती. ती तेवीस वर्षांची होती आणि त्या घरात येऊन तिला पंचवीस दिवस झाले होते. ती जवळ आली.

"आई, ते ठेवा. जुनं आहे, त्याचा भुगा होतोय. माझ्या डोक्यावरचं काढा."

नोर्जमाने मान वर केली नाही. "ते तुझं आहे."

"माझं आहे म्हणूनच मी देतेय. दुसऱ्याचं कसं देईन?"

तुमेन पुढे झाला. "अगं, चुलीवरचं छप्पर काढायचं? पहिला हिवाळा आहे. तुझ्या माहेरचे काय म्हणतील?"

"माहेरचे आत्ता बकऱ्या उकरून काढत असतील. त्यांना माझ्या छपराचं काही पडलं नसेल."

"आणि अपशकुन?"

"तो झालाय," उरान म्हणाली आणि रचलेल्या मेंढ्यांकडे बोट दाखवले. "अजून कुठला यायचा राहिलाय?"

झुन्दुई म्हणाला, "पोरी, नीट विचार कर. एकदा कापलेला नमदा परत जुळत नाही."

"काका, विचार करायला मी चुलीपाशी बसले तर त्यातल्या दहा अजून जातील. तुम्ही शिडी धरा."

तरीही नोर्जमा उठेना. तेव्हा उरान आपल्या गेरमध्ये गेली, लोखंडी पळीत निखारे भरून बाहेर आली आणि ते सासूच्या चुलीत नेऊन ओतले. नव्या चुलीत आता विस्तव नव्हता, म्हणजे आकाशाला उघडी पडेल अशी चूलही नव्हती. रीतीतला अडथळा तिने रीतीनेच काढला. निखारे विरुद्ध दिशेने नेलेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. ते शास्त्रात बसते का, हे मी पुढे दोन वडीलधाऱ्यांना विचारले. एकाने हो म्हटले, एकाने नाही.

नोर्जमा उठली. आम्ही दोऱ्या सोडल्या. नमदा ताठ झाला होता. तो फळीसारखा खाली आला. मापे नोर्जमानेच घेतली, हाताच्या विती टाकून: लांबी चार विती, रुंदी साडेतीन. छातीखालून एक बंद, पोटाखालून एक. ती कापत होती, उरान भोके पाडत होती, झुन्दुई घोड्याच्या केसांची दोरी तोडून देत होता, आणि मी व तुमेन मेंढ्या धरून लाकडी हातोडीने कवच फोडत होतो. कवचाबरोबर काही ठिकाणी कातडीही येई. नमदा कापताना नोर्जमाची बोटे पांढरी पडली होती. मी तिला हातमोजे दिले. तिने ते घातले, कात्री नीट धरता येईना म्हणून काढले आणि बाजूला व्यवस्थित एकावर एक ठेवले.

"ताई, बोटं जातील."

"कळत नाही काही."

"कळत नाही म्हणूनच सांगतोय."

"बरं," ती म्हणाली आणि कापत राहिली.

दुपारी तीनपर्यंत चौऱ्याण्णव पांघरुणे झाली. वाडग्यात तेव्हा एकशे एकोणसत्तर मेंढ्या उभ्या होत्या. कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे नोर्जमाने ठरवले. पिले देणाऱ्या तरुण मेंढ्या आधी. म्हाताऱ्या आणि खच्ची नर मागे. ती त्यांच्यामधून चालत बोटाने दाखवत गेली. एका पांढऱ्या डोक्याच्या म्हाताऱ्या मेंढीपाशी तुमेन थांबला.

"आई, हिच्या पाठीवर बाबा मला बसवायचे."

"ती नको," नोर्जमा म्हणाली. "पुढची."

तिच्या आवाजात काहीच नव्हते. आम्ही पुढची घेतली.

वादळ अकरा तारखेच्या दुपारी थांबले. पांढऱ्या गेरच्या जागी जाळी आणि वासे उभे होते, आतून आरपार माळ दिसत होता, आणि मधोमध रिकामी चूल होती. दोघेही नोर्जमाच्या गेरमध्ये राहायला आले. जिथून तिने पट्टा सोडला होता तिथे पोती शिवली. उघड्या राहिलेल्या मेंढ्यांपैकी बहुतेक त्या आठवड्यात गेल्या, पांढऱ्या डोक्याची दुसऱ्या दिवशीच. पांघरलेल्या चौऱ्याण्णवांपैकी वादळाने चारच नेल्या. बाकीच्यांतल्या काही पुढे उपासमारीने गेल्या, नवकांच्या काळात, हळूहळू. झुन्दुई आपल्या घोड्यांना पुढे घालून बर्फाचा थर फोडून देई आणि मागून नोर्जमाच्या मेंढ्या चरत. घोड्यांचे पाय घोट्यांशी कापले जात, तेव्हा दोन दिवस थांबावे लागे. पुढल्या मार्चअखेर मी शेवटची मोजणी केली. एकूण बहात्तर मेंढ्या जिवंत होत्या, त्यांपैकी गाभण एकोणसाठ. शंभरावर कळप नसेल तर माळ सोडावा, असा आमच्याकडे हिशेब आहे. एकोणसाठ कोकरे जगली, तर तो हिशेब पुन्हा पुरा होणार होता. न जगली, तर तुमेनला भावाकडे फरशा बसवायला जावे लागणार होते.

नोर्जमाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके मी जानेवारीत काढली. तिने भिंतीकडे पाहत हात पुढे धरला. दुखते का, असे विचारल्यावर ती म्हणाली, "कोणाचं?" आणि थोड्या वेळाने, "नाही." त्या हिवाळ्यात तिला रडताना कोणी पाहिले नाही. ती वेळेवर उठे, वेळेवर चहा करी, वाडग्यात जाऊन येई. उरान काही सांगे तेव्हा ऐके. ताट पुढे केले तर खाई.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मेंढ्या व्यायला लागल्या. अर्धपोटी राहिलेली मेंढी कोकराला जवळ घेत नाही. तिच्यात दूधही नसते आणि मायाही. अशा वेळी आमच्या बायका कोकरू तिच्या सडांशी धरतात आणि "तोइग, तोइग" असे एकाच हळू सुरात गात राहतात. तास जातो, कधी दोन. मग मेंढी मान वळवते, कोकराला हुंगते आणि उभी राहते. नोर्जमाचा हा सूर खोऱ्यात प्रसिद्ध होता. लोक आपल्या अडलेल्या मेंढ्या तिच्याकडे घेऊन येत.

मी गेलो त्या दिवशी ती वाडग्यात एका तरुण मेंढीपाशी बसली होती. मेंढीच्या पाठीवर अजून पांघरूण होते, कडा कुरतडलेल्या. कोकरू ओले होते आणि थरथरत होते. मेंढीने त्याला दोनदा डोक्याने ढकलले होते. नोर्जमाने त्याला सडांशी धरले आणि तोंड उघडले. काही आले नाही. तिने पुन्हा उघडले. घशात खरखर झाली, एवढेच.

उरान शेजारी वाकून बसली. "म्हणा ना, आई."

"नाही येत."

"थोडं थोडं म्हणा."

"आतून नाहीच येत, बाई. तू म्हण."

"मला तुमच्यासारखं नाही जमत."

"मेंढीला काय कळतंय माझं की तुझं," नोर्जमा म्हणाली.

उरानने सुरुवात केली. तिचा सूर चढा होता आणि दोनदा फाटला. तिच्या माहेरची चाल थोडी वेगळी आहे. आमच्याकडे शेवटचा स्वर खाली येतो, त्यांच्याकडे तो तसाच लोंबकळत राहतो. नोर्जमा कोकराला धरून बसली होती आणि कुठेच पाहत नव्हती. मी घड्याळात पाहिले: पन्नास मिनिटे झाली. मेंढीने मान वळवली, कोकराच्या शेपटीचा वास घेतला आणि मागचे पाय थोडे फाकवून उभी राहिली. कोकरू पिऊ लागले.

उरान हसली. नोर्जमाने कोकरावरचा हात काढून घेतला, गुडघ्यावर जोर देऊन उठली आणि पुढच्या मेंढीपाशी जाऊन बसली. तिने कोकरू सडांशी धरले आणि सुनेची वाट पाहू लागली.